दाबून टाकलेलं सत्य

जानेफळात करिष्माला सगळे 'मोबाईल कंपनीतली' म्हणत, त्यामुळे माणसं तिच्या दारी फुटके मोबाईल घेऊन येत. आपण मोबाईल दुरुस्त करत नाही हे सांगावं, तर मग करते काय तेही सांगावं लागणार. आणि ते घरच्यांनाही सांगणार नाही, असं तिने नोकरीला लागताना लिहून दिलेलं. शेवटी ती मुकाट्याने मोबाईल पुसून परत द्यायची, आणि त्यातले काही खरंच चालू व्हायचे.

तिचं काम असं. लोक समाजमाध्यमावर मराठीत जे व्हिडिओ टाकतात, त्यातले संशयास्पद तेवढे तिच्या लॅपटॉपवर येत. पाहायचं, नियमाशी ताडायचं, ठेवायचं किंवा काढून टाकायचं. मारामाऱ्या, अफवा, नको नको ते. साऱ्या महाराष्ट्राची घाण जानेफळच्या एका माडीवर निवडली जाई, आणि खालून सासू झुंबरबाई हाक मारी, "करिष्मे, व्हिडिओ पाहणं झालं असंल तं दाळ निवडाले ये!"

ही नोकरी टिकली ती सासऱ्यामुळे. "सून घरी बसून कमावते तं तुह्या पोटात काऊन दुखते?" असं बायकोला सुनावून निवृत्तीने माडी झाडून दिली होती, इंटरनेटची तार स्वतः उभं राहून ओढून घेतली होती. म्हणून करिष्माचा त्याच्यावर जीव होता.

त्या दिवसांत एक टोपीवाला वैद्यबुवा पुन्हा पुन्हा तिच्यासमोर येत होता. माझं कडू चूर्ण घ्या, शुगर मुळासकट जाते, इंजेक्शन उकिरड्यावर फेका. करिष्मा त्याला काढून टाकी, तो दुसऱ्या नावाने उगवे. कोडगा मेला! पण तीही हटली नाही. एक दिवस त्याचा शेवटचा व्हिडिओही काढून ती समाधानाने खाली जेवायला आली.

शुगरचं रोजचं इंजेक्शन टोचून ताटावर बसलेला निवृत्ती मोबाईल चाळत होता. "तो चूर्णवाला कुठीच दिसून नाही राह्यला," तो म्हणाला. "दाबून टाकला कंपनीवाल्यायनं. म्हणजे औषध खरंच असंल! खोट्याले कोणी कायले दाबन?"

दुसऱ्याच दिवशी त्याने मेहकरहून चूर्णाचा डबा मागवला आणि इंजेक्शन बंद केलं. म्हणजे आगीत तेल ओतलं ते करिष्मानेच.

"मामाजी, इंजेक्शन सोडू नका," तिने विनवलं.

"तुले काय समजते त्यातलं? तू दिवसभर नाचगाणे पाहते."

डॉक्टरचं नाव काढलं, तर डॉक्टरही कंपनीला मिळालेला निघाला. निवृत्तीचं तोंड उतरत चाललं, घागरभर पाणी पिऊनही तहान भागेना, टाचेची जखम चिघळली. फ्रिजमधली औषधाची बाटली तशीच. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत जाणार, हे करिष्माला दिसत होतं.

मग तिने केलं ते नोकरीच्या कुठल्याच नियमात बसणारं नव्हतं. लोकांना काय खरं वाटतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तिने स्वतःच एक व्हिडिओ बनवला. लाल अक्षरं, भोंगा, गरगर फिरणारा बाण, आणि तिचेच शब्द मोबाईलमधून पुरुषाच्या जाड आवाजात: इंजेक्शन सोडाल तर पाय जाईल, जीव जाईल. शेवटी लिहिलं, 'लवकर पहा, कंपनी हे काढून टाकणार आहे.' नवरा ज्ञानेश्वर चिखलीला अडत्याकडे कामाला होता. त्याला फोनवर गळ घालून तिने तो व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर टाकायला लावला.

निवृत्तीने तो पाहिला, पुन्हा पाहिला, आणि लोकांचं भलं व्हावं म्हणून आपल्या नावाने साऱ्या जगासाठी टाकला. इंजेक्शन घ्यावं की नाही, यावर मात्र त्याचा विचार चालूच होता.

आणि तो व्हिडिओ गायब झाला. काढला असेल कुठल्यातरी गावच्या अशाच कुणा सुनेने. घबराट पसरवणारा मजकूर ठेवायचा नाही, असा नियमच होता. करिष्माने असे पोत्याने काढले होते. तिच्या व्हिडिओत खोटं म्हणावं असं एकच वाक्य होतं, तेही खरं ठरलं.

"काढलाच पाहय!" निवृत्ती ओसरीवरून ओरडला. "म्हणजे तो माणूस खरं बोलून राह्यला होता. आण सूनबाई, सुई आण!"

करिष्मा धावतच सुई घेऊन आली. निवृत्तीने बंडी वर केली आणि मान हलवत म्हणाला, "केवढं समजावून सांगे तो माणूस. नाही तं आपल्या घरात हाय काय कोणी मले असं सांगणारं?"

तिला हसू आलं, पाठोपाठ असा राग आला की डोळे भरून आले. पण हात स्थिर ठेवायला हवा होता.

"नाही ना, मामाजी," ती म्हणाली. "हलू नका आता."