हळद लागलेलं बटण

पत्नी जाऊन सात महिने झाले तेव्हा तिच्या कॅल्क्युलेटरचे सेल संपत आले. साधा हिशेबाचा नव्हे, आलेख काढणारा, जाडजूड, वर मोठा पडदा असलेला. मी तो आठवड्यातून एकदा सुरू करत असे. डावीकडचं वरचं बटण दाबलं की चार ओळी यायच्या. तिनं शेवटची भरून ठेवलेली चार सूत्रं. मला त्यांतलं काही कळत नव्हतं. साताऱ्यात आयुष्यभर ग्रंथपाल होतो. गणिताची पुस्तकं कपाटात लावली, उघडली मात्र नाहीत. ओळी जागेवर आहेत एवढं बघायचं आणि बंद करायचं. एका सोमवारी ओळींच्या आधी सेल बदलण्याचा इशारा आला.

ती सांगलीच्या एका शाळेत गणित शिकवायची. आमचा संसार बरीच वर्षं शनिवार-रविवारचाच होता. ते यंत्र तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं परदेशातून पाठवलेलं. निवृत्त होऊन ती साताऱ्याला आली, तेव्हा तेही आलं. दुपारी ती ते घेऊन बसायची, मी पुस्तक घेऊन. बोलणं थोडं व्हायचं.

खरं सांगायचं तर, त्या चार ओळींत माझ्यासाठी काही असेल असं मला वाटत होतं. आजारपणाच्या शेवटच्या महिन्यात ती त्यात काहीतरी भरत बसलेली मी पाहिली होती. विचारलं नव्हतं. आता त्या पुसल्या गेल्या तर कधीच कळणार नव्हतं.

घड्याळाच्या दुकानदारानं यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाला, "आतला छोटा सेल चांगला असेल तर राहील सगळं. नसेल तर जाईल. खात्री देत नाही, काका." मी घरी आलो. वाचनालयातली जुनी कोरी सूचिकार्डं होती, त्यांवर चारही ओळी उतरवल्या. एका कार्डावर एक. आकडे तीनतीनदा पडताळले. मग सेल बदलले. पडदा उजळला आणि सगळं कोरं झालं होतं.

कार्ड समोर ठेवून पहिली ओळ भरायला घेतली. उणे सात, अधिक सात, कंसात एक्स भागिले सव्वातीन, कंसाचा वर्ग. आलेखाचं बटण दाबलं, तर यंत्रानं चूक दाखवली. पुन्हा भरलं, पुन्हा चूक. तीन दिवस हेच चाललं. वैतागून उणे गाळलं, तर पडद्याच्या वरच्या कडेला रेघेचा एक तुकडा लोंबकळत राहिला. तो तिचा असेल असं वाटेना. माझ्या हातून तिची शेवटची गोष्ट गेली, या विचारानं जेवणही नको झालं.

चौथ्या दिवशी यंत्र पुसताना तळाच्या ओळीतलं एक पिवळं बटण दिसलं. ते पिवळं झालं माझ्यामुळे. खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या हत्यारांची पूजा होते. विळी, कात्री, माझा वाचनालयाचा तारखेचा शिक्का, आणि तिचं यंत्र. ती दरवर्षी बजावायची, "बंद झाकणाला हळदीचं ओलं बोट लावा, कोरडं काही टाकू नका." एका वर्षी माझं लक्ष कुठेतरी होतं. झाकण काढलेलंच होतं आणि मी चिमूटभर हळद बटणांवर सोडली. एक बटण कायमचं अडकायला लागलं. "सांगलीची हळद, सहजी निघायची नाही," ती म्हणाली होती. तेव्हापासून ते ती पेनच्या टोपणानं जोर लावून दाबायची. प्रत्येक ओळ भरताना सगळ्यात आधी टोपण खाली यायचं, टक्.

त्या बटणावर कंसात एक छोटी आडवी रेघ होती. म्हणजे उण्याची बटणं दोन होती. उजवीकडचं वजाबाकीचं, आणि हे खालचं, ऋण संख्येचं. मी दोन्ही एकच समजून चुकीचं दाबत होतो. टोपणानं दाबलं. टक्. पडद्यावर एक वाटीसारखी वक्ररेषा सावकाश उमटली. मग उरलेल्या तीन ओळी भरल्या. चार वाट्या, एकात एक, आत जाताना लहान होत गेलेल्या.

याचा अर्थ सांगू शकेल असं एकच माणूस होतं, आजारपणात ती जिच्याशी रोज फोनवर बोलायची ते. दुसऱ्या दिवशी एसटीनं सांगली गाठली आणि रिक्षानं माधवनगर. तिची धाकटी बहीण तिथं घरीच शिवणकाम करते. मशीन थांबवून तिनं पाणी दिलं, यंत्राकडे पाहिलं आणि हसली.

"आवं दाजी, ह्यो तर ब्लाउजचा गळा हाय. आक्काचा."

"गळा?"

"मग काय! आजारी पडल्यापास्नं तिला हितं यायला जमंना, मला तिकडं. फोनवर सांगायची, मधोमध सात इंच खोल, अर्ध्या इंचावर येवढं, इंचावर येवढं. मी कागदावर ठिपकं मारून जोडायची. शिकल्याली माणसं! मी खडूनं एका झटक्यात काढते, तिला वीस बटणं लागायची." मग तिनं पडदा डोळ्यांजवळ नेला. "पण चार कशी? मी तर तीनच शिवली."

मी कार्डं पुढे केली. तिनं ती मशीनवर ओळीनं मांडली. सात, सहा, पाच, चार. सव्वातीन, तीन, पावणेतीन, अडीच. तिचं हसू गेलं.

"हाडं दिसायला लागली, म्हणून वर वर घेत गेली गळा. खांद्यावरनं उतरायचं, म्हणून अरुंद." तिनं चौथ्या कार्डावर बोट ठेवलं. "ह्ये मला सांगितलंच न्हाई. अडीच अन् अडीच, पाच इंच रुंद. माप कुणी घेतलं तिचं?"

मला आठवलं. दुपारची वेळ. ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. म्हणाली, "जरा टेप धरता का?" मी धरला, डाव्या हातानं. उजव्या हातात पुस्तक होतं, बोट पानात. "किती?" तिनं विचारलं. "पाच," मी म्हणालो आणि वाचायला लागलो. टोपणाचा आवाज आला होता, टक्.

"मी," मी म्हणालो.

तिनं मशीनवरचं कापड बाजूला केलं, वर्तमानपत्र पसरलं, खडू घेतला.

"कशाला आता?" मी विचारलं.

"बघू तरी केवढी राहिली हुती. धरा टेप."

मी यंत्र खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी टेप वर्तमानपत्रावर धरला.

"किती?"

मी वाकून नीट पाहिलं. "पाच."

तिनं तिथं खूण केली.