देवासमोरचा फुकट उजेड
रस्त्यावरच्या एखाद्या दुकानदाराने जनरेटर सुरू केला की त्या जळक्या रॉकेलच्या वासाने मला दहिसरमधली आमची तेव्हाची नवी इमारत आठवते. राहायला येऊन वर्ष होत आलं तरी वीज आली नव्हती. संपात गिरणीची नोकरी गेलेल्या माझ्या दिरांनी फंडाच्या पैशांतून एक जुना जनरेटर आणला आणि संध्याकाळी घरटी एक बल्ब, महिन्याचे ठरलेले पैसे, असा धंदा सुरू केला. तो चालला नाही तर गावी परतण्यावाचून त्यांना इलाज नव्हता. रेशनचं रॉकेल स्टोव्हलाच पुरत नसे, म्हणून ते काळ्या बाजारातून आणावं लागे. तरी थोडं सुटत होतं. मग गणपती आले, घराघरांत दिव्यांच्या माळा लागल्या. "भावोजी, माळांचे वेगळे पैसे घ्या. रॉकेलचासुद्धा खर्च निघत नाहीये," मी म्हटलं. "सगळे गाववाले आहेत, वहिनी. देवासमोरच्या उजेडाचे पैसे मागू? मग गावात तोंड कसं दाखवू?" गौरी आल्या त्या संध्याकाळी एवढ्या माळांच्या भाराने मशीनचं वायंडिंग जळलं. दुरुस्तीत उरलासुरला फंड गेला आणि दिवाळीनंतर इमारतीत वीज आली. पेढे वाटले गेले. दिरांनीही एक खाल्ला, आणि पुढच्याच आठवड्यात ते गावी गेले ते कायमचे. पैसे घेतले असते तरी वीज आल्यावर धंदा बसणारच होता, हे आज मला स्पष्ट दिसतं. ते मात्र गावाहून येणाऱ्या प्रत्येकाजवळ अखेरपर्यंत निरोप देत राहिले, "वहिनी बरोबर सांगत होती. मीच ऐकलं नाही."