मावशीचा फोटो आणि माझं पहिलं संमेलन

छायाचित्रकारांच्या संमेलनाला पहिल्यांदाच निघालेल्या मुली हल्ली मला फोन करतात. "ताई, सोबत काय काय घेऊ?" त्यांना वाटतं मी लेन्सबद्दल बोलेन. मी चपलांबद्दल बोलते. दोन दिवस पायांवर काढायचे असतात, आणि नव्या सँडलने टाच सोलली की कितीही चांगलं व्याख्यान असो, डोक्यात शिरत नाही. मी माझ्या पहिल्या संमेलनाला लग्नात घालायच्या सँडल घालून गेले होते. मुंबईची माणसं येणार होती ना!

बोईसर स्टेशनजवळ माझा छोटा स्टुडिओ आहे. कारखान्यांत नव्याने लागलेली माणसं गेटपाससाठी फोटो काढायला येतात. त्यांच्यासाठी खिळ्यावर एक काळा कोट आणि गाठ मारूनच ठेवलेला टाय असतो. कोट सगळ्यांना बसतो, कारण तो पाठीमागून उसवलेला आहे. "मॅडम, थोडा गोरा कर देना," असं ते सांगतात आणि मी करते. बाकी हळदी, लग्नं, बारशी. आणि गेलेल्या माणसांचे फोटो. दहाव्याच्या आत घरातलं कुणीतरी एखादा घोळक्यातला फोटो घेऊन येतं. मी त्यातला चेहरा वेगळा काढते, मागे निळा पडदा टाकते आणि फ्रेम करून देते. आमच्या किनाऱ्यावर भिंतीला एकट्या माणसाचा मोठा फोटो दिसला की ते माणूस आता नाही, असंच समजतात. जिवंतपणी असा फोटो कुणी लावत नाही.

म्हणूनच मावशी स्वतःहून स्टुडिओत आली तेव्हा मला धस्स झालं. ही माझ्या आईची थोरली बहीण. केळव्याला मच्छीमारांच्या आळीत राहते, पालघरच्या बाजारात मासळी विकते. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला. शाळेसाठी मला तिनेच आपल्याकडे ठेवून घेतलं होतं, त्यामुळे मला आई दोन आहेत आणि त्यातली जास्त ओरडणारी ही. त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून आली होती.

"माझा फोटो काढ," म्हणाली. "मी गेल्यावर आळीतली पोरं आधार कार्डावरचा मोठा करतील. त्यात मी चोरासारखी दिसते."

मी तिला स्टुलावर बसवलं. ती हात गुडघ्यांवर ठेवून, श्वास रोखून बसली. तसा एक फोटो काढला. मग पदर नीट करताना तिला तिच्या नवऱ्याची कसलीशी आठवण झाली आणि ती एकदम हसली, मान मागे टाकून, समोरचा पडलेला दात अगदी उघडा टाकून. माझं बोट आपोआप दाबलं गेलं. स्क्रीनवर बघून ती म्हणाली, "हा कोणाला दाखवायचा नाय. सांगून ठेवते. मी हाय तवर कोणाला नाय." मी म्हटलं, "बरं." त्या "बरं"वर ती विश्वास ठेवून गेली.

पुढच्या हिवाळ्यात संमेलन केळव्यालाच भरलं. मुंबईच्या लोकांना समुद्र हवा असतो, म्हणून किनाऱ्यावरचं एक रिसॉर्ट दोन दिवस पूर्ण घेतलं होतं. पुण्याचे, नाशिकचे, सुरतेचे फोटोग्राफर आले होते. मावशीच्या घरापासून रिसॉर्ट चालत दहा मिनिटं. हे अंतर लक्षात ठेवा, मला ते फार महागात पडलं.

पहिला अर्धा दिवस मी शेवटच्या रांगेत बसले. ते करू नका. शेवटच्या रांगेत फक्त चहावाल्यांची वर्दळ असते आणि आपल्यासारखेच घाबरलेले लोक. प्रश्न विचारायचा तर मराठीत विचारा, मी विचारला तेव्हा व्यासपीठावरचा वक्ता चक्क सैलावला आणि म्हणाला, "बरं झालं, मलाही इंग्रजीत दमायला झालं होतं." वाळूत उभं राहून लेन्स बदलू नका. कंपन्यांच्या स्टॉलवर पहिल्या दिवशी काही विकत घेऊ नका. व्हिजिटिंग कार्ड मात्र न्या आणि त्याची लाज बाळगू नका. माझ्या कार्डावर "पासपोर्ट फोटो, हळद, बारसे, लॅमिनेशन" असं छापलेलं होतं. दुपारच्या जेवणापर्यंत मी ते पर्समधून बाहेरच काढलं नाही, आणि काढल्यावर कुणीही हसलं नाही.

दुपारी आपलं काम जाणकारांना दाखवायची सोय होती. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. दहा फोटो आणा असं कळवलं होतं. मी चाळीस नेले. हीसुद्धा नवशिक्याची चूक. समोरच्या बाई मुंबईच्या, पिकलेले केस, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी माझ्या नवऱ्या, वरमाया, समुद्रावरचे सूर्यास्त भराभर सरकवले. पत्त्यांचा डाव वाटावा तसे. माझे कान तापले. पंधरा वर्षं रात्रंदिवस हेच केलं होतं मी, आणि त्यांना एकही फोटो हातात धरावासा वाटत नव्हता.

तेव्हा मी मोबाइल काढला. खोटं कशाला सांगू, चुकून नाही, ठरवून काढला. मावशीचा हसणारा फोटो त्यांच्यासमोर धरला.

बाई थांबल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा तुम्ही काढलाय? मग ते चाळीस कशाला आणलेत?"

संमेलनातल्या बारा निवडक फोटोंचं प्रदर्शन दुसऱ्या दिवशी तिथल्याच हॉलमध्ये भरणार होतं. त्यांनी माझा निवडला. एक कागद पुढे केला. त्यावर नाव, गाव, आणि खाली एक ओळ होती: छायाचित्रातील व्यक्तीची संमती घेतली आहे का? होय, नाही. मी "होय"वर खूण केली.

संध्याकाळी दोन तास मोकळे होते. दहा मिनिटांवर मावशी बोंबील निवडत बसली असणार हे मला माहीत होतं. मी गेले नाही. नाशिकच्या दोघींबरोबर किनाऱ्यावर फिरले, भजी खाल्ली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी कामाबद्दल बोललं. मी फार खूश होते. तेही सांगायला हवं.

सकाळी हॉल सजला. सजावटवाले मुंबईहून आले होते, त्यांचा काय दोष? त्यांनी भिंतभर झेंडूच्या माळा सोडल्या होत्या, प्रत्येक फ्रेमच्या दोन्ही बाजूंनी. मावशीचा फोटो रात्रीतून सगळ्यात मोठा छापून अगदी मधोमध लावला होता. उद्घाटनाची समई ठेवायला जागा हवी, म्हणून ती बरोबर त्याच्याखाली. समई लागली, टाळ्या झाल्या. पंधरा वर्षं ज्या बाईने दहाव्याचे फोटो करून दिले, तिला समोर काय दिसतंय ते कळू नये? नाही कळलं. मी फोटोखालची माझ्या नावाची चिठ्ठी बघत होते. मोबाइलने तिचाही फोटो काढला.

रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला आमच्याच आळीतल्या बायका येतात. त्यातली एक नाश्त्याच्या बशा उचलायला हॉलमध्ये आली. तिला दिसलं ते असं: मावशी, भिंतीवर, माळांमध्ये, पुढे दिवा. तिने बशा तिथेच टेबलावर ठेवल्या आणि मागच्या दाराने निघून गेली. मी तिला बघितलंसुद्धा. वाटलं, फोटो बघून भारावली.

पुढचं मला नंतर कळलं. तिने आळीत फोन केला. मावशी पहाटेच टोपली घेऊन पालघरला गेलेली, घराला कुलूप, आणि बाजारात असताना फोन ती कधीच उचलत नाही. फोटो भाचीनेच लावलाय म्हटल्यावर शंकेला जागाच उरली नाही. पालघरलाच काहीतरी झालं असणार, दवाखान्यात नेलं असणार, असं ज्याने त्याने आपापलं ठरवलं. मीही तिकडेच धावले असणार असं धरून रिसॉर्टवर विचारायला कुणी आलं नाही. मला एकोणीस फोन आले. माझा फोन बंद आवाजावर होता, कारण व्याख्यान चालू असताना आवाज बंद ठेवावा असं मी स्वतःच आदल्या दिवशी शिकले होते.

दुपारी अडीचच्या सुमाराला मावशी रिक्षातून उतरली तेव्हा तिच्या अंगणात पन्नास माणसं होती. तिची नणंद ओटीवर बसून तिचं नाव घेऊन गळा काढत होती. मावशीने टोपली खाली ठेवून विचारलं, "कोण गेलं?" नणंदेची शुद्ध हरपली.

फोटोचं ऐकून ती तिथून थेट रिसॉर्टवर आली. मी हॉलमध्येच उभी होते, दोघा-तिघांना फोटोबद्दल सांगत. दारात ती दिसली. मासळीच्या वासाचं लुगडं तसंच, पायाला वाळू. माणसं बाजूला झाली. फोटोतलीच बाई आली म्हणून कुणीतरी कॅमेरा उचलला. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि त्याने तो खाली केला.

ती स्वतःच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. समई एव्हाना विझली होती. माळा होत्या. ती ओरडेल याची मी वाट बघत होते, कारण तिच्या ओरडण्याची मला सवय होती.

ती हळूच म्हणाली, "मी नाय म्हटलं असतं. म्हणूनच इचारलं नाय तू."

मी बारा वर्षांची असताना तिच्या डब्यातले पैसे घेतले होते, तेव्हासुद्धा मला इतकी लाज वाटली नव्हती. मी स्टूल ओढलं, वर चढले आणि फोटो उतरवला. मुंबईच्या बाई धावत आल्या. म्हणाल्या, माळा काढूया, जागा बदलूया, त्यांना नीट समजावून सांगूया. मी त्यांना म्हटलं, "मी कागदावर खोटं लिहिलं होतं." मग त्यांनीच फ्रेमची दुसरी बाजू धरली. भिंतीवर मधोमध रिकामा चौकोन राहिला आणि त्याखाली माझं नाव.

मावशी माझ्याशी चार महिने बोलली नाही. मी दर रविवारी केळव्याला जायची. ती ताटात जेवण वाढायची, मासा मोठा वाढायची, पण शब्द नाही. म्हणून मुलींना मी सगळ्यात शेवटी हे सांगते: जाण्याआधी ज्यांचे फोटो नेताय त्यांच्या घरी जा, प्रत्येकाच्या. जिथे जायला पाय अडखळतील, तो फोटो घरीच ठेवा. मुली "हो ताई" म्हणतात. मीही कधीतरी "बरं" म्हटलं होतं, त्यामुळे मला त्या "हो"चं फार काही वाटत नाही.

पाचव्या महिन्यात ती बोईसरला आली. स्टुडिओत गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाकावर बसून राहिली. मग म्हणाली, "तो कुठं हाय?" मी कपाटामागून फ्रेम काढली. चादरीत गुंडाळून ठेवली होती. तिने ती मांडीवर घेतली, काचेवरची धूळ पदराने पुसली.

"दात दिसतो," म्हणाली.

"हो."

"आणि हा काढला तवा मी काय बोलत होते, ते आठवतं तुला?"

मला आठवत नव्हतं. फोटो काढणाऱ्याला बहुतेक वेळा ऐकू येत नाही. मी तसं सांगितलं.

"मला आठवतं," ती म्हणाली, पण काय ते सांगितलं नाही. फ्रेम परत चादरीत गुंडाळून तिने माझ्या हातात दिली. "तो हात गुडघ्यावरचा नको. हाच लाव. पण मी गेल्यावर. तवर कोणी बघायचा नाय."

ती आजही टोपली घेऊन पालघरला जाते. संमेलनांतून मला आता बोलावणं येतं, आणि तुमचा सगळ्यात चांगला फोटो पाठवा असं कळवतात. मी दुसराच कुठलातरी पाठवते. माझा सगळ्यात चांगला फोटो कपाटामागे आहे, आणि तो कुणालाच बघायला मिळू नये, अजून खूप वर्षं मिळू नये, असं मला रोज वाटतं.