पिवळी रेघ

माझी शाळा तिसरीतच सुटली, पण नट आवळायच्या कामात कुणी माझ्यावर बोट ठेवलेलं मला चालत न्हाई. अर्धं आयुष्य एमआयडीसीत रिक्षा जोडायच्या लाइनीवर गेलं. कंपनीनं घरी बसवलं, तरी मी बसलो न्हाई. चौसाळ्याच्या अलीकडं हायवेला एक शेड हाय. तिथं बॅटरीवरच्या रिक्षांचे सुटे भाग पेट्यांतून येतात आणि आम्ही त्यांची गाडी उभी करतो. आम्ही म्हणजे मी आणि वायरिंग करणारी एक बाई. ती आधी ऊसतोडीला जायची. कोयता टाकून तिनं पक्कड धरली. मला बाबा म्हणते आणि माझं एक ऐकत न्हाई.

चाकाचे नट माझ्याकडं. ते साध्या पान्यानं आवळून भागत नाही, त्याला टॉर्क पाना लागतो. त्याच्या मुठीवर आकडे असतात. मूठ फिरवून आकडा लावायचा; तेवढा जोर लागला की पाना हातात टक करतो. टक झालं की थांबायचं आणि नटावरून चाकावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट फिरला तर रेघ मोडते, उभ्या माणसालाही दिसते. आमच्यात रिवाज असा, की ज्यानं आवळलं त्यानंच रेघ ओढायची. दुसऱ्याच्या कामावर रेघ ओढणं म्हणजे दुसऱ्याच्या नावानं अंगठा उठवणं.

खंडेनवमीला हत्यार चालवत नाहीत, पूजतात. गेल्या नवमीला मी सगळे पाने रॉकेलनं धुतले. टॉर्क पान्यावर माझा जीव. त्याच्या मुठीच्या खाचांत काळं ग्रीस बसलं होतं. मूठ उलटीसुलटी फिरवून, चिंधीचं टोक घालून सगळं कोरून काढलं. पाना नव्यासारखा झाला. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दसरा. त्या सकाळी एकच रिक्षा द्यायची होती, पालीच्या एका बाईची. दीर हसत होता, सासू नको म्हणत होती, तरी तिनं ती घेतली होती. पालीहून बीडला सवाऱ्या न्यायच्या, हा तिचा बेत. चाकं तेवढी बसवायची राहिली होती आणि मालक डोक्यावर उभा. "बाबा, आटपा, मुहूर्त टळतोय."

पूजेतला पाना उचलून मी नमस्कार केला आणि कामाला लागलो. काय सांगू, नट लोण्यासारखे बसले. एरवी शेवटच्या नटापर्यंत खांदा भरून यायचा. त्या दिवशी नुसतं टक, टक, टक. मी वायरिंगवालीला म्हणालो, "बघ गं, ह्या वयात बी कसं बळ हाय!"

"बळ कशाचं, कालचा निवद लई हाणला असंल," ती म्हणाली. मग हळूच, "आकडा बघितला का, बाबा?"

"तुझ्या लग्नाआधीपासून त्योच आकडा हाय. मला शिकवती व्हय!"

मी पान्याकडं बघितलंसुद्धा नाही. पिवळ्या रेघा ओढल्या.

पालीची बाई आली. गाडीची निगा कशी ठेवायची, असं तिनं मलाच विचारलं, मालकाला नाही. मला ते लई आवडलं. रेघ दाखवून मी म्हणालो, "ही रोज सकाळी बघायची. पण माझ्या हातचा नट हलत न्हाई, हे बी ध्यानात ठेव." तिनं मान डोलावली. लिंबं ठेवली, नारळ फुटला, हार घातलेली रिक्षा टेम्पोत चढून पालीला गेली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नवी गाडी हातात घेतली. पहिल्याच नटाला टक झालं आणि माझा हात थांबला. आज घाई नव्हती म्हणून असेल, पण हाताला कळलं, नट अजून पुरता बसलेला नाही. मूठ उजेडात धरली. आकडा माझा नव्हता. लई खालचा होता. धुताना फिरवलेली मूठ मी तशीच देवापुढं मांडली होती. माझं बळ वाढलं नव्हतं, पाना कमी मागत होता.

वायरिंगवालीनं वाकून आकडा बघितला. मग सरळ मालकाला बोलवायला गेली.

मालकानं पालीला फोन लावला. नुसती रिंग जात होती. म्हणजे बाई रस्त्यावर होती, गाडीत माणसं होती. मालक म्हणाला, "तुमी जावा. पण नट सैल राहिले असं म्हणू नका. पहिली सर्व्हिसिंग फुकट हाय म्हणा. न्हाईतर आपल्या दारात कोण फिरकंल?"

पिशवीत पाना आणि रंगाची बाटली टाकून मी जीप धरली. मांजरसुंब्याचा घाट उतरताना समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चाकाकडं बघत होतो. कुठं गर्दी दिसली की मान बाहेर काढायचो. जवळ आल्यावर कळायचं, झेंडूवाला हाय, चहाचा गाडा हाय.

पालीच्या फाट्यावर उतरून बीडकडं तोंड करून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं रिक्षा दिसली. हार अजून तसाच होता. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर केले.

तिनं करकचून ब्रेक दाबला. "बाबा? आवो, मरायचंय का?"

"समद्यांना उतरव."

आतला एक गडी ओरडला, "ए म्हाताऱ्या, येडा झाला का बे? पैसे दिलेत आमी!"

"पोलीस हाय का ह्यो?" एक म्हातारी म्हणाली. "पायजम्यातला दिसतोय." सगळे हसले, पण उतरले.

मी चाकाशी बसलो. उजवीकडची रेघ सरळ होती. डावीकडं नटावरची पिवळी एकीकडं, चाकावरची दुसरीकडं. दुसऱ्या नटावर तेच. तिसऱ्यावर हात ठेवला तर तो बोटांनीच फिरला.

"काय झालं, बाबा? कावून थांबवलं?"

"पहिली सर्व्हिसिंग," मी म्हणालो.

ती शेजारी बसली आणि त्याच नटावर तिनं बोट ठेवलं. "हे सकाळीच दिसलं मला. रेघ सरकलेली. मनात आलं, गाडी उभी करावी. मग म्हणलं, बाबाच्या हातचा नट हाय, हलायचा न्हाई. रंगच पुसला असंल."

मालकानं शिकवलेलं माझ्या तोंडातून पुढं येईना. म्हणालो, "रंग न्हाई पोरी, नटच फिरला. मी सैल सोडलाता. आकडा न बघता आवळलं."

हे माणसांनी ऐकलं. हसणं थांबलं. म्हातारीनं पिशवी काखेत मारली आणि चालू लागली. मघाचा गडी पैसे मागायला आला. तिनं मुकाट्यानं दिले. बाकीचे मागच्या जीपला हात करत पांगले.

मी आकडा लावला, तिला वाचायला लावला. एकेक नट आवळला. खांदा भरून आला, तेव्हाच टक झालं. जुन्या रेघा पुसल्या. रंगाची बाटली उघडली, पण हात पुढं होईना. पाना तिच्या हातात दिला. म्हणालो, "तू वढून बघ. टक झालं तर तूच रेघ ओढ." तिनं तोंड आवळून प्रत्येक नट ओढून बघितला. मग रेघा ओढल्या, जाडजूड, वाकड्या.

"दीर म्हणंल, सांगितलं व्हतं की न्हाई," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कळलं नाही. मग डोळे पुसून गाडीत बसली. "चला, फाट्यावर सोडते तुमाला."

"मी फाट्यावरच हाय की. गावातून ने. देवळापर्यंत, मग बाजारातून परत."

"कशाला?"

"बनवणारा आत बसलाय, हे लोकास्नी दिसू दे."

मी मागं मधोमध बसलो, मान ताठ करून. आयुष्यभर रिक्षा बांधल्या, बांधलेल्या रिक्षात सवारी म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा बसलो. पारावरची माणसं बघत होती. मघाची म्हातारी रस्त्याच्या कडेनं चालली होती. बाईनं गाडी हळू केली, "बसताव का, आजी?" म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, चाकाकडं बघितलं आणि पदर सावरून चालत राहिली.

आम्ही पुढं गेलो. माझं तोंड समोर होतं, कान डाव्या चाकाकडं.