ओल्या बंगल्यातली कोरडी भिंत

नगरच्या सावेडीतल्या आमच्या सोसायटीत बायकांची पुस्तकांची भिशी आहे. पैशाचा व्यवहार नाही. महिन्याला एक चिठ्ठी निघते. जिचं नाव निघेल तिला बाकीच्या मिळून एक पुस्तक देतात आणि पुढच्या महिन्यात तिने ते सगळ्यांना सांगायचं. माझं नाव निघालं आणि हातात पडली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी. धुकं, ओसाड बंगला, बंद दारामागची पावलं, असला सगळा मामला. "जमेल ना तुला?" एकीने विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. जमेल, म्हणाले.

खरं तर जमेल याची मलाच खात्री नव्हती. मी कोपरगावच्या मराठी शाळेतली. कॉलेजात इंग्रजीच्या तासाला जे कळलं नाही त्याला मी मान डोलावली, नोकरीत डोलावली, भिशीतही दोन वर्षं तेच. पण सांगायची पाळी आपली असली की मान डोलावून भागत नाही. आणि मला त्या मान डोलावणाऱ्या बाईचा मनापासून कंटाळा आला होता.

अभ्यास सुरू केला तो गाईडच्या वळणाने. अवघड शब्दाखाली पेन्सिलची रेघ, मोबाईलमध्ये अर्थ, तो रेघेवर बारीक अक्षरात. सोपे शब्द सोडून द्यायचे, परीक्षेला ते येत नाहीत. पहिल्याच प्रकरणात डॅम्प, डँक, मस्टी, क्लॅमी असे चार पाहुणे आले आणि मोबाईलने चौघांनाही 'ओलसर, दमट' म्हणून हात वर केले. पान पेन्सिलने काळं झालं, भीती मात्र तसूभर वाटेना. असा संताप आला की पुस्तक उशीखाली कोंबलं.

त्याच आठवड्यात आमच्या बेडरूमच्या भिंतीचे पोपडे निघायला लागले, म्हणून जुन्या नगरातले एक मिस्त्री आले. साठीचे, मुसलमान, सगळं आयुष्य लोकांच्या घरातली ओल काढण्यात गेलेलं. मी त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, नाक जवळ नेलं, बोटाने टकटक केलं.

"ताई, ही पावसाची ओल न्हाई. आतला पाइप गळतोय. पावसाच्या ओलीला मातीचा वास येतो, हिला कुबट येतोय."

मी धावत जाऊन पुस्तक उशीखालून काढलं. मस्टी म्हणजे कुबट, दुसरं काय! मग मी चाचांना विचारतच सुटले. हात लावला की गार आणि चिकट लागते ती भिंत कुठली?

"ती बंद खोलीची. घाम आल्यावानी लागती."

झाली क्लॅमी. आणि जिथे ऊन कधी पोचतच नाही तिथली?

"तिथं ओलीसंगं थंडी बी असती. अंगावर येती."

पुणतांब्याला मामाच्या विहिरीच्या पायऱ्या उतरताना जे अंगावर यायचं, ते डँक. मला इतका आनंद झाला की मी चाचांना दोनदा चहा दिला. तेव्हापासून समासात अर्थ लिहिणं बंद केलं. डँकसमोर 'मामाची विहीर', मस्टीसमोर 'आमची बेडरूम'. शब्द वाचला की अंगाला कळायचं, मोबाईलची गरज नाही.

चाचांचं काम तीन दिवस चाललं. मी स्टुलावर बसून वाचायची, मराठीत सांगायची आणि ते सिमेंट लावता लावता त्या बंगल्याची तपासणी करायचे. "गच्ची बघा म्हनावं आदी," असा सल्लाही दिला. तिसऱ्या दिवशी नायिका एका अंधाऱ्या बोळातून भिंत चाचपत चालली होती. मी रेघ मारलेला एकेक शब्द ऐटीत सांगितला. शेवटी ती टोकाच्या भिंतीला हात लावते, भिंत कोरडी असते, हे मी घाईत वाचून पुढे निघाले होते.

चाचांची थापी थांबली. "कोरडी?"

"हो. त्यात काय?"

"समदं घर ओलं अन् एकच भिंत कोरडी? आसं हुत न्हाई, ताई. तिच्यामागं कुनीतरी जाळ करतंय."

दुपारचे बारा, पंखा चालू, खाली भाजीचा टेम्पो ओरडतोय आणि माझ्या अंगावर सरसरून काटा. ड्राय. शाळेत अगदी सुरुवातीला पाठ केलेला शब्द. मी त्याच्याखाली रेघसुद्धा मारली नव्हती. सगळी भीती तिथेच बसली होती आणि मी अवघड शब्दांच्या मागे धावत होते. बऱ्याच पानांनंतर त्या भिंतीमागे खरोखर खोली निघाली, खोलीत शेगडी, शेगडीपाशी एक माणूस. कुकर लावायचं विसरून मी वाचत होते. चाचांना फोन केला तर ते म्हणाले, "म्या सांगितलंच हुतं."

भिशीच्या दिवशी मी सांगायला बसले. डँक, क्लॅमी म्हटल्यावर समोर दोन-तीन माना डोलल्या. ते डोलणं माझ्याइतकं कोण ओळखणार? मी थांबले. विहीर सांगितली, कुबट बेडरूम सांगितली, घाम आलेली भिंत सांगितली. मग बोळाच्या टोकापर्यंत सगळ्यांना नेलं आणि म्हटलं, एवढ्या ओल्या घरात ही एकच भिंत कोरडी होती.

कोणी मान डोलावली नाही. जिने 'जमेल ना तुला' विचारलं होतं, तिने हळूच पाय उचलून सोफ्यावर घेतले.