जेवायला माझ्याकडेच

चार रिटायर्ड माणसं महिन्यातून एकदा एकत्र जेवली की जेवण संपतं, किस्से उरतात. ते ऐकायला घरात कोणी नसलं की भलतेच साचतात. आज तुम्ही सापडलात!

आम्ही चौघं अंधेरीच्या एका ऑफिसातली. घाटकोपरची विद्या, बोरिवलीचा परब, गोराईची रोझी आणि मी. त्यांची घरं भरलेली. माझा मुलगा कॅनडात, आणि सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जाऊन तीन वर्षं झाली. त्यामुळे शनिवारचं जेवण माझ्याकडेच, मुलुंडला. जागा भरपूर!

*

पहिल्या वेळी मी सकाळपासून राबले. भरली वांगी, मटकीची उसळ, कोशिंबीर, सगळं झकास. पानं वाढायला घेतली. परबने भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि आत बघतच राहिला.

"अगं, हे जेवण आहे की नैवेद्य?"

हाताला एकटीच्या भाताची सवय झाली होती. मला कळलंच नव्हतं! विद्या उठली आणि तांदळाचा डबा शोधायला लागली.

*

पुढच्या वेळी खोबऱ्याचं वाटण करत होते, तर बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधली नेहा. चेहरा घाबराघुबरा.

"काकू, ठीक आहात ना? कसली घरघर चाललीय?"

"मिक्सर आहे गं! खूप दिवसांनी लावलाय."

"अच्छा! मला वाटलं..."

काय वाटलं ते तिने सांगितलं नाही. जाताना वाटीभर वाटण मात्र घेऊन गेली.

*

परब मूळचा मालवणचा. "वडे मी करणार. मध्ये कोणी यायचं नाही!" वडे तेलात पडले, पण फुगेचनात. शेवटी त्याने गावी मोठ्या भावाला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल कढईवर धरला.

"मेल्या, हे वडे नाय, पापड असत!" भाऊ म्हणाला. मग हळूच, "गावाक कधी येतलस रे?"

"हॅलो? हॅलो? नेटवर्क गेलं वाटतं," म्हणत परबने फोन कट केला. नेटवर्क व्यवस्थित होतं.

*

रोझी जेवणाआधी प्रार्थना करते. तेवढा वेळ आम्हीही डोळे मिटतो. एकदा म्हणाली, "देवा, हिचा सुधीर तुझ्याकडे आहे. त्याला मीठ कमी घाल, बीपी आहे त्याला."

परब फिस्सकन हसला. मीही मान खाली घालून हसत होते. निदान त्यांना तरी तसं वाटलं.

*

आता विद्याचा किस्सा. तिच्या घरी मुलगा, सून, नातवंडं, दोन टीव्ही. एका संध्याकाळी दारात उभी!

"अगं, आज मंगळवार आहे."

"मग? मंगळवारी तुझ्याकडे भात शिजत नाही?"

चपला काढून सरळ आत आली. मी खिचडी टाकली, पापड भाजले. आम्ही दोघी ओट्याशीच उभ्या उभ्या जेवलो. तिने दोनदा मागून घेतली. "गरम आहे गं," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात तिच्या मुलाचा फोन आला. हात खरकटा, म्हणून तिने स्पीकर लावला.

"आई, कुठे आहेस?"

"मुलुंडला. आमची पार्टी आहे ना! सगळे जमलेत."

"कोणाचाच आवाज येत नाहीये."

विद्याने डाव्या हाताने फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि भुवया उडवल्या.

मी मोठमोठ्याने हसायला लागले.