रजेवरचा माणूस

नातवंडांनो, तुमच्याकडे हॉलमध्ये आजोबांचा गणवेशातला फोटो लावला आहे. मला तो आवडत नाही. त्या फोटोतला माणूस आमच्या घरात कधी राहिलाच नाही. आमच्याकडे यायचा तो रजेवरचा माणूस. त्याच्याविषयी तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून लिहिते.

आजोबा नेसरीचे, शेतकरी घरातले. मिसरूड फुटायच्या आत फौजेत गेले आणि सुभेदार होऊन परत आले. मी कोल्हापुरातली, इंग्रजी शाळेत शिकलेली. मुलांच्या शिक्षणासाठी सासूबाई आणि मी शहरात राहायचो. ते वर्षातून एकदा यायचे.

सासूबाईंचा एक नियम होता. "रजेवर आलेल्या माणसाला वाईट काय सांगायचं न्हाय. तिकडं बंदूक धरायची असती त्याला. डोकं शांत पायजे." त्यामुळे ते आले की घरात सण. मटण, पांढरा रस्सा, पाहुण्यांची रीघ. त्यांच्या मागे तुमच्या बाबांना टायफॉइड झाला, विहिरीवरून भाऊबंदकी झाली, माझं एक मूल पोटातच गेलं. यातलं काहीही त्यांच्या कानावर घातलं नाही. मुलाचं त्यांना पुढे केव्हातरी कळलं, लग्नाच्या मांडवात, दूरच्या एका बाईकडून. घरी येऊन एवढंच म्हणाले, "माजं बी लेकरू हुतं की ते."

पेन्शनीत आले तेव्हा त्यांना वाटलं, आता घर आपलं. पण घराला त्यांची सवयच नव्हती. त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मी ते परत माझ्या हाताशी आणले. मुलं परीक्षेपासून पोटदुखीपर्यंत सगळं माझ्याकडे घेऊन यायची. ते खोलीत आले की आमची बोलणी थांबायची. सासूबाई गेल्या, तरी थांबायचीच.

तुमच्या बाबांना परदेशात नोकरी लागली. व्हिसा आला, तिकीट निघालं, तरी आजोबांना पत्ता नव्हता. "आई, त्यांना इतक्यात नको सांगू. उगीच चिडतील," असं तुमच्या बाबांचं म्हणणं. शेवटी जेवताना सांगितलं. ते चिडले नाहीत. भाकरी मोडत त्यांनी विचारलं,

"ठरलं कवा?"

"झाले चार महिने."

"आनि परत कवा?"

"बघू."

"बरं हाय. माज्यापेक्षा लांबचं पोस्टिंग घेतलंस की."

निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी राहिली, तरी ते खुर्चीतून उठेनात. मी म्हणाले, "अहो, स्टेशनपर्यंत तरी चला."

"तू जा. पावण्यानं पावण्याला पोचवायला जायाचं नसतंय."

नंतर दर रविवारी सकाळी घरच्या फोनवर तुमच्या बाबांचा फोन यायचा. मी सगळं ठीक म्हणायची आणि आजोबा रिसीव्हर माझ्या हातातून ओढून घ्यायचे. "ठीक काय न्हाय. स्लॅब गळतोय. तुज्या आईचा गुडघा सुजलाय. मला डाव्या डोळ्यानं दिसंना झालंय. ऐकतोयस न्हवं?" तिकडून 'हो' यायचं. 

हळूहळू तो फोन बंद झाला. तुमचे बाबा माझ्या मोबाइलवर करू लागले, दुपारी, आजोबा झोपलेले असताना.

ते झोपलेले नसायचे.